पदकाच्या कडेवरील नाव



सराफी पेढीवर मोडीची चांदी येते, तेव्हा तोरड्या, वाळे, करंडे यांच्यासोबत क्वचित एखादे वाटोळे पदकही येते. एका बाजूस राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ हे आकडे. वजन सुमारे अडीच तोळे. व्यवहारापुरते पाहायचे तर वजन आणि कस यांवर काम संपते. परंतु पदक आडवे धरून त्याची कड उजेडात फिरवली, तर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली दिसते. एका माणसाच्या आयुष्याची ती मूळ नोंद होय.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. त्यांची पदके रोजकीर्दीसारखी वाचता येतात. प्रथम क्रमांक पाहावा. एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. खातेक्रमांकाप्रमाणे हा क्रमांकच त्यांना वेगळे करतो. मग धातू. हे पदक लढाऊ शिपायांना चांदीचे मिळाले, तर मजूर तुकड्यांतील व बिनलढाऊ सेवकांना कांस्याचे. सोबत १९१४-१५ चा कांस्यतारा असेल, तर तो मनुष्य १९१५ संपण्यापूर्वीच रणक्षेत्री पोहोचला होता. ‘अफगाणिस्तान, वायव्य सरहद्द १९१९’ अशी पट्टी असलेले दुसरे पदक असेल, तर महायुद्ध संपल्यावरही त्याला सरहद्दीवरील आणखी एका युद्धात जावे लागले. पलटणीचे नावही काळ सांगते. ‘११० मराठा’ असे असेल, तर नोंद १९२२ पूर्वीची. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत ही पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली.

आता ताळा जुळवू. ११० मराठा आणि कांस्यतारा या दोन नोंदी आपल्याला मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे नेतात. ही पलटण पुणे डिव्हिजनमध्ये होती. डिसेंबर १९१५ पासून तिला कुत येथे तुर्कांचा वेढा पडला. अन्न संपत आले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांना शरण जावे लागले. कैदेतील पायपीट, भूक आणि रोगराई यांनी त्यांतील कित्येकांचा बळी घेतला. आपल्या पदकाचा धनी त्यांत होता का? एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. तो आधीच जखमी होऊन परतलाही असेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची मृत सैनिकांची यादी संगणकावर विनामूल्य पाहता येते. क्रमांक, नाव आणि पलटण तिच्याशी ताडून पाहावी.

या कडेचे मोल बसरा येथील स्मारकाकडे पाहिले म्हणजे कळते. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक. परंतु तेथील दगडावर भारतीय शिपायांची नावे कोरलेली नाहीत; पलटणीखाली केवळ त्यांची संख्या आहे. या असमान वागणुकीबद्दल कमिशनने २०२१ मध्ये क्षमा मागितली. दगडाने ज्याला आकडा मानले, त्याचे नाव अडीच तोळे चांदीने जपले. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले, तेव्हा अशी कितीतरी पदके भट्टीत गेली.

अहिंसेस परम धर्म मानणाऱ्या आपण युद्धाच्या पदकांत मन का घालावे, असा प्रश्न कोणी करील. पदक राजाचा विजय सांगते, हे खरे. कडेवरील नाव मात्र आपल्याला विजयाकडून माणसाकडे, त्याच्या वाट पाहणाऱ्या घराकडे नेते. ज्याचे नाव कळले, त्याच्या दुःखाविषयी अनुकंपा वाटणे सोपे होते. हा शोध त्यासाठीच करावा.

येथे व्यापारी घराण्यांना एक विशेष संधी आहे. पदकावर शिपायाचे गाव नसते. अडचणीच्या दिवसांत त्याने किंवा त्याच्या विधवेने ते पदक गहाण ठेवले असेल, तर तिचे वा त्याचे नाव, गाव, तिथी आणि रक्कम आपल्या आजोबा-पणजोबांच्या चोपड्यांत लिहिलेली असू शकते. माळ्यावरच्या त्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळाव्यात.

घरात वा पेढीत असे पदक असेल, तर ते घासून उजळू नये, अक्षरे झिजतात. एकत्र आलेली पदके वेगळी करू नयेत. कडेवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून, छायाचित्र काढून, पदक कोठून आले तेही लिहून ठेवावे. गावाचा माग लागलाच, तर तेथे एक पत्र टाकावे. गहाणाची मुदत केव्हाच टळलेली असेल आणि पदकावर कायद्याने आपलाच हक्क असेल. तरीही त्या घरातील कोणी नातू-पणतू भेटल्यास चांदीचा भाव न लावता ते त्याच्या हाती ठेवावे. चोपडीतील ते खाते त्या दिवशी पूर्ण होईल.