आवरू नका!

मध्यंतरी पुण्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय डिजिटल नोंदवह्यांचा, म्हणजे माझ्या धंद्याचाच. वक्ते हुशार, स्लाइडा चकचकीत आणि निष्कर्ष घरूनच तयार करून आणलेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पडद्यावर नोंदी हव्या तिथं मांडायच्या, जवळ-लांब सरकवायच्या, हा हौशी लोकांचा खेळ आहे. जागा ही कागदाची अडचण होती. कागद एका वेळी एकाच ठिकाणी असतो, म्हणून बिचाऱ्या माणसाला तो कुठं ठेवला हे लक्षात ठेवावं लागायचं. संगणकाला ही अडचण नाही. नोंद टाका, विसरून जा. हवी तेव्हा शोधाच्या चौकटीत नाव टाइप करा, नोंद हजर. आणि आता तर यंत्रच वर्गवारी करून देतं, मग मांडत कसले बसलात? शेवटी हशा पिकवायला एक वाक्य: चिठ्ठ्या मांडत बसणं हे काम नव्हे, ती रांगोळी आहे.

टाळ्या पडल्या. सवयीनं मीही वाजवल्या. राग आला तो रिक्षात बसल्यावर.

रांगोळीचा दाखला त्यांनी द्यायला नको होता. ज्यांनी कधी ठिपक्यांची रांगोळी काढली नाही, त्यांनाच ती नुसती शोभा वाटते. तिथं आधी ठिपके पडतात, जागा ठरतात. रेषा मागाहून येतात आणि चित्र सगळ्यात शेवटी. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. पण एवढ्यावर लेख थांबवला तर वक्त्यांवर अन्याय होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक कबुली. त्यांची बाजू मला त्यांच्यापेक्षा बरी मांडता आली असती. विल्यम जोन्स आणि सुझन ड्युमे यांनी १९८६ साली मजकूर परत शोधण्यासाठी नाव आणि जागा यांची झुंज लावून पाहिली. नाव जिंकलं. १९९५ साली मायक्रोसॉफ्टनं ‘बॉब’ आणला. पडद्यावर दिवाणखाना, त्यात मांडलेल्या वस्तू, आणि सल्ला द्यायला एक पिवळा कुत्रा. वर्षभरात गाशा गुंडाळावा लागला. १९९८ साली त्याच कंपनीच्या संशोधकांनी ‘डेटा माउंटन’ केला. पडद्यावरच्या एका चढावर वेबपानांची छोटी चित्रं आपल्या हातानं ठेवायची. लोकांना आपण ठेवलेली पानं काही महिन्यांनंतरही पटकन सापडली, म्हणून बराच गाजावाजा झाला. मग न्यूझीलंडमधल्या कॉकबर्न आणि मॅकेन्झी यांनी खवचट प्रश्न विचारला: यात तिसऱ्या मितीचं कर्तृत्व किती? २००२ सालच्या त्यांच्या प्रयोगात उत्तर उलटंच निघालं. सपाटीकडून खोलीकडे जावं तसतसं माणसांना शोधणं जड गेलं.

वक्त्यांनी यातलं एकही उदाहरण दिलं नाही. दिलं असतं तर हा लेख लिहिताना मला घाम फुटला असता. पडद्यात घरं बांधणारे बुडाले, हे मला मान्य आहे. पण घर बांधणं निराळं आणि वस्तू जागच्या जागी ठेवणं निराळं. बॉबच्या दिवाणखान्यासाठी मी भांडत नाही. मी भांडतोय ते एका सपाट सतरंजीसाठी.

आता शोधाच्या चौकटीकडे वळतो. हा माझा आवडता मुद्दा आहे, तेव्हा वाचकांनी जरा सैलावून बसावं.

काही वर्षं मी जुन्या पाणवठ्यांच्या नोंदी करतोय. विहिरी, आड, बारवा, तळी, झरे. साताठशे नोंदी झाल्या असतील. व्याख्यान ऐकून घरी आलो आणि वक्त्यांच्या आज्ञेनुसार चौकटीत ‘विहीर’ टाइप केलं. बारा नोंदी आल्या. शंभराच्या वर असायला हव्यात, हे मला ठाऊक होतं. मग बाकीच्या कुठं गेल्या? विहिरीत गेल्या. शब्दशः. विहीर एकटी उभी असते तोवरच तिचा ‘ही’ दीर्घ राहतो. तिला प्रत्यय लागला की विहिरीत, विहिरीवर, विहिरींचा. ‘हि’ ऱ्हस्व झाला की यंत्राच्या लेखी ती दुसरीच कुणी. आणि मराठी वाक्यात विहीर एकटी उभी असते किती वेळा? कुणीतरी तिच्यात उतरतं, तिच्यावर मोट बांधतं, तिच्याकाठी बसतं. शब्द नुसता उभा राहिला तर आमची भाषा पुढे सरकतच नाही.

तळ्याची कथा त्याहून करुण. तळं, तळे, तळ्यात, तळ्याकाठी: सगळ्यांत सामाईक काय, तर ‘तळ’. तो टाइप केला, तर तळहात, तळमळ, तळमजला आणि गेल्या दिवाळीतली तळणाची यादी असं सगळं वर तरंगलं. ‘पाणी’ शोधलं की ‘पाण्यात’ बुडालेलं काहीच हाती लागत नाही. ‘झरा’ शोधला तर ‘झऱ्याचं’ मिळत नाही. बरं, ‘झऱ्या’ असं पुरतं टाइप केलं तर निम्म्याच नोंदी येतात. हे का, ते समजायला मला एक रविवार लागला. डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा तो र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. माझा फोन एक तऱ्हा पाळतो आणि लॅपटॉप दुसरी. म्हणजे घरी लिहिलेला झरा आणि प्रवासात लिहिलेला झरा यांची आयुष्यात गाठ पडायची नाही. आणि जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फायली? त्यांच्या आत मराठी नाहीच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर मराठीचा मुखवटा. तिथं शोधाची चौकट हात जोडून उभी राहते.

हे सुधारेल, असं वक्ते म्हणतील. सुधारावंच, मोठ्या शोधयंत्रांत ते बरंच सुधारलं आहे, नोंदवह्यांच्या ॲपांतही आज ना उद्या सुधारेल. पण मला या उत्तरावरून एक जुनं भांडण आठवतं. काही वर्षांपूर्वी आमच्या धंद्यात ‘फोल्डर की टॅग’ यावर शैव-वैष्णवांसारखे तट पडले होते. माझ्या एका मित्रानं मला टॅगविरोधी ठरवून चार महिने बोलणं टाकलं. फोल्डरवाले म्हणायचे, प्रत्येक नोंदीला घर हवं. टॅगवाले म्हणायचे, घर कशाला, अंगावर पाच चिठ्ठ्या चिकटवा. भांडणाच्या भरात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. फोल्डरला नाव लागतं, टॅगलाही नाव लागतं. आज शोधाची चौकटही नावच मागते. तिघंही दारातच विचारतात: तुझं नाव काय?

आणि अर्धवट सुचलेल्या गोष्टीला नावच नसतं. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी असतं. अकरा दिवस मूल बिननावाचंच असतं. पण ते कुठं आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं: मांडीवर, पाळण्यात, आजीच्या कुशीत. नाव नसलं म्हणून ते कधी हरवत नाही, कारण त्याला जागा असते. नोंदीचंही तसंच आहे. शोध उद्या मराठीचं सगळं व्याकरण शिकला तरी बारशाआधीच्या नोंदीला त्याचा उपयोग नाही.

थॉमस मॅलोन यांनी १९८३ साली लोक आपली कचेरीतली टेबलं कशी लावतात यावर निबंध लिहिला. त्यांना दिसलं की कागद टेबलावर ठेवण्यामागे सापडावा एवढाच हेतू नसतो. तो समोर दिसावा आणि त्यानं आठवण करून द्यावी, हाही असतो. शोधाची चौकट विचारल्याशिवाय बोलत नाही. टेबलावरचा ढीग न विचारता बोलतो. म्हणून १९८६ सालची झुंज मला पटते, पण लागू पडत नाही. तिथं जागेला पत्ता म्हणून उभं केलं होतं. पत्ता म्हणून जागा कच्चीच.

झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जे घडलं, ते वक्त्यांनी जरूर वाचावं. तिथं ‘अ‍ॅक्वानेट’ नावाचं साधन होतं. नोंदींमधले संबंध नाव देऊन नोंदवायची त्यात चोख सोय होती. कॅथरीन मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की वापरणारे ती सोय बाजूला ठेवतात आणि नोंदी नुसत्या एकमेकींजवळ मांडतात. या अनुभवातून मार्शल आणि फ्रँक शिपमन यांनी १९९४ साली ‘विकी’ हे साधन मांडलं. ज्ञानकोशाच्या ‘विकी’शी त्याचा संबंध नाही. संबंध आधी जागेतून दिसू द्या, नाव मागाहून येईल, असा त्याचा पाया. म्हणजे ज्या प्रकाराला वक्ते हौस म्हणतात, तो लोकांनी हाताशी असलेली सोय नाकारून आपणहून केला होता.

बाकीचे आक्षेप एकेका ओळीत. अमर्याद कॅनव्हास ही नवी फॅशन? केन पर्लिन आणि डेव्हिड फॉक्स यांचा झूम होणारा ‘पॅड’ १९९३ सालचा आहे. फोनच्या पडद्यावर मांडामांड होत नाही? खरं आहे, तळहाताएवढ्या सतरंजीवर पंगत बसत नाही. यंत्र वर्गवारी करून देतं? आमचे शेजारीही माझ्या मुलाचं करिअर ठरवून देतात.

आता मंडन. ते खंडनाएवढं लांब नाही. तयारी कमी आहे असंही म्हणा हवं तर.

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. जात्यावरच्या ओव्या गोळा करतात. नोंदी मांडायच्या एका साधनाचा नमुना आम्ही करतोय, त्याच्या प्रयोगासाठी मी त्यांच्याकडे दोन दुपारी जाऊन बसलो. त्यांनी आधी खऱ्या सतरंजीवर चिठ्ठ्या मांडल्या. डावीकडे सासरच्या, उजवीकडे माहेरच्या, खाली भावाच्या, त्यांच्या शेजारी विठ्ठलाच्या. एका ओवीत विठ्ठलालाच भाऊ म्हटलं होतं. ती चिठ्ठी हातात घेऊन बाई थांबल्या, मग दोन ढिगांच्या मध्ये ठेवली, आणि थोड्या वेळानं बोटभर भावाकडे सरकवली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, “माहीत नाही अजून.” ते बोटभर अंतर म्हणजे त्यांचं त्या घटकेचं संशोधन होतं. फोल्डरमध्ये ते मावत नाही आणि टॅगमध्ये लिहिता येत नाही.

सासर आणि माहेर यांच्यामध्ये त्यांनी चांगली वीतभर जागा मोकळी ठेवली होती. मी चहाचा कप तिथं टेकवायला गेलो तर म्हणाल्या, “तिथं नको. वाटेवरच्या ओव्या यायच्यात.” माहेरी निघालेल्या बाईच्या, रस्त्यातल्या. एकही हाती लागली नव्हती. नुसती जागा धरून ठेवली होती. जे अजून मिळालंच नाही ते शोधाच्या चौकटीत काय म्हणून टाइप करणार?

यातून मला जे समजलं ते चार मुद्द्यांत संपतं. माणसानं ठेवलेली नोंद यंत्रानं हलवू नये, नीटनेटकेपणाच्या नावाखाली तर नाहीच. मोकळी जागा हा मजकूर समजावा. पृष्ठाला कडा आणि कोपरे असावेत, कारण अमर्याद माळावर ‘तिकडे कोपऱ्यात’ असं म्हणता येत नाही. आणि शोध जरूर असावा, पण त्यानं नोंद उचलून यादीत आणू नये. आपल्यालाच त्या जागेपाशी नेऊन उभं करावं, म्हणजे शेजारीपाजारीही दिसतील. अशी मांडणी साठवायला अवघडही नाही. २०२४ साली ‘ऑब्सिडियन’ या नोंदवहीच्या ॲपवाल्यांनी खुला केलेला कॅनव्हासचा फाइल-प्रकार बघा: प्रत्येक नोंदीपुढे आडवं अंतर, उभं अंतर, रुंदी आणि उंची, असे चार आकडे. चार आकड्यांची ही गोष्ट आहे, आणि तीसुद्धा वक्त्यांना जड वाटते.

एक चूक मात्र माझ्या नावावर आहे, ती लिहून टाकतो. दुसऱ्या दुपारी बाईंची तीच मांडणी आम्ही पडद्यावर केली. आमच्या पहिल्या नमुन्यात वर उजवीकडे ‘आवरा’ नावाचं बटण होतं. मीच बसवलं होतं, अभिमानानं. दाखवायच्या उत्साहात मी ते दाबलं. ढीग सरळ रांगेत आले, अंतरं सारखी झाली. विठ्ठलाची ती ओवी भावाच्या रांगेत तिसरी जाऊन बसली, आणि सासर-माहेर एकमेकांना चिकटले. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “छान दिसतंय. पण वाट गेली.”

ते बटण आता नमुन्यात नाही. बाईंनी वाट पुन्हा मोकळी करून घेतली, आणि हे लिहीपर्यंत तिथं एकही ओवी आलेली नाही.