डोळ्यांनी पाहिले, म्हणून खरे?

बातमीसाठी विश्वास कुणावर ठेवावा, वृत्तपत्रावर की दूरचित्रवाणीवर? आपल्या अभ्यासवर्गांतून हल्ली हा प्रश्न हटकून निघतो. परवा एका तालुक्याच्या गावी माझे बोलणे संपताच एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "सर, पेपरात कुणीतरी लिहिलेले असते, टीव्हीवर आपण स्वतः पाहतो. स्वतः पाहिलेले खोटे कसे असेल?" बहुतेकांनी माना डोलावल्या. हा समज किती घातक आहे ते सांगायला तेव्हा वेळ उरला नव्हता. म्हणून हे टिपण.

आपण स्वतः पाहतो, हाच मुळात भ्रम आहे. कॅमेरा कोठे रोखायचा आणि चित्रण कोठे तोडायचे हे दुसऱ्याने ठरवलेले असते. पाच हजार शेतमजूर शांतपणे चालले आणि दोघांनी दगड उचलला, तर पडद्यावर दगडच दिसतो. १९७७ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशजींची सभा होती. त्या संध्याकाळी सरकारी दूरदर्शनने 'बॉबी' हा चित्रपट लावला. लोकांनी घरी बसावे हा हेतू उघड होता. लोक तरीही मैदानावर गेले, हा त्यांचा शहाणपणा. याउलट २८ जून १९७५ चा 'इंडियन एक्स्प्रेस' आठवा. सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ त्याने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. येथून काहीतरी हिरावून घेतले आहे, हे त्या कोऱ्या जागेनेच वाचकाला सांगितले. पडदा मात्र कधी कोरा राहत नाही. जे वगळले त्याच्या जागी दुसरे काही आलेले असते आणि प्रेक्षकाला उणीव जाणवतही नाही.

यावर उत्तर दिले जाते की ते सरकारी मक्तेदारीचे दिवस होते. खासगी वाहिन्यांच्या स्पर्धेने चित्र पालटले. कसे पालटले ते पाहू. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखवल्या. त्यामुळे जवानांचे काम अधिक अवघड आणि धोक्याचे झाले, असे कडक ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात ओढले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. माणसे बँकांपुढे रांगा लावून उभी असताना काही हिंदी वाहिन्या दोन हजारांच्या नव्या नोटेत दडवलेल्या 'चिप'चे गुणगान करीत होत्या. ती म्हणे जमिनीखाली १२० मीटरवर पुरलेला पैसाही शोधून काढणार होती! रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या नोटेच्या वैशिष्ट्यांत अशा कशाचा उल्लेखही नव्हता. ते निवेदन वाचायला पाच मिनिटे पुरली असती. २०२३ साली ती नोट चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली; चिपची बातमी मागे घेतल्याचे मात्र माझ्या पाहण्यात आले नाही.

तेव्हा वृत्तपत्रे धुतल्या तांदळासारखी आहेत काय? मुळीच नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील दैनिकांनी उमेदवारांकडून पैसे घेऊन जाहिराती 'बातम्या' म्हणून छापल्या, हे लांच्छन पुसले जाणारे नाही. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने यावर सविस्तर अहवाल दिला; तो पूर्ण स्वरूपात बाहेर यायला २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. परंतु हे पाप उघडकीस कसे आले, याचा विचार करा. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः एकच मजकूर आला होता. पी. साईनाथ यांनी हे अंक शेजारी शेजारी ठेवून ते दाखवून दिले. चोरी छापून ठेवलेली होती, म्हणून चोर सापडला. चित्रफितीही आता जपून ठेवता येतात, हे खरे. परंतु तासाभराचा आरडाओरडा दुसऱ्या तासाभराच्या आरड्याओरड्याशी ओळीओळीने ताडून पाहणारा किती जणांच्या पाहण्यात आहे?

खरा प्रश्न अर्थकारणाचा आहे. वाहिनी आपल्याला बातमी विकत नाही. ती आपल्याला जाहिरातदाराला विकते. प्रेक्षक हा माल, जाहिरातदार हा गिऱ्हाईक. वृत्तपत्रही याच वाटेने चालले आहे, कारण उत्पादनखर्चाहून कमी किमतीत अंक विकून तूट जाहिरातींनी भरून काढायची ही त्याची रीत. पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ साली हा धोका ओळखला होता. त्यातून १९५६ चा किंमत आणि पृष्ठसंख्येचा कायदा आला. 'सकाळ'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली तो घटनाबाह्य ठरवला. सरकारच्या हाती पाने मोजण्याचा अधिकार देणे धोक्याचेच होते. निकाल योग्य होता. परंतु रोग तसाच राहिला. जो पैसे देतो, त्याची बातमी दुखावणारी नसते. पूर्वी ही सावली सरकारची होती. आता उद्योगपतींची त्यात भर पडली. २०१४ साली नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेले, २०२२ साली एनडीटीव्ही अदानी समूहाकडे. मालक बदलल्यावर निवेदकाचा चेहरा तोच राहिला, तरी त्याच्या मागचा हात बदलतो.

म्हणून त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे: दोहोंत छापील शब्द अधिक भरवशाचा, तो सज्जन आहे म्हणून नव्हे, पकडता येतो म्हणून. पण पकडणारा वाचक नसेल, तर हा गुण कुचकामी आहे. आपल्या प्रत्येक शाखेत भिन्न मालकांची निदान दोन दैनिके यावीत, कात्रणे तारखेसह जपावीत, चुकीच्या बातमीची दुरुस्ती लेखी मागावी. आणि जाहिरातीवर न जगणाऱ्या लहान नियतकालिकांची वर्गणी वेळेवर भरावी. चहाच्या दोन कपांइतकेही मोल बातमीला द्यायची आपली तयारी नसेल, तर ते दुसरा कोणी देईल आणि बातमीही त्याचीच होईल.