कालचा हात, आजचा हात

बीडहून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. दिवसभर दुकानात हिशेब लिहायचा आणि रात्री नऊनंतर दोन तास पूल खेळायचा, असा त्यांचा क्रम. त्यांची तक्रार अशी की, परवा त्यांनी तिथल्या सर्वांत पट्टीच्या खेळाडूला लागोपाठ तीन डाव हरवले आणि काल, ज्याला क्यू धरून महिना झाला नाही, अशा पोराकडून स्वतः हरले. हात तोच, टेबल तेच, मग हे होते कसे? दोन महिन्यांत त्यांनी उभे राहण्याची ढब तीनदा बदलली आहे. आता नवा क्यू घ्यावा काय, असे विचारतात. पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो.

ज्या मावश्या-काकूंना पूल म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. पूल हे बिलियर्डचे धाकटे भावंड. हिरव्या किंवा निळ्या कापडाने मढवलेले मोठे टेबल, त्याला सहा भोके, आणि क्यू नावाच्या लांब काठीने पांढरा बॉल मारून त्याच्या धक्क्याने रंगीत बॉल भोकात घालायचे. आपला कॅरमच, फक्त उभे राहून खेळायचा. मधले भावंड स्नूकर, आणि ते तर आपल्या देशात जन्मले! १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत पावसाळ्याने कोंडून घातलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ते काढले. तेव्हा हा खेळ परका म्हणून नाक मुरडायचे कारण नाही.

आता मूळ तक्रार. हात तोच, हे मला मान्य. टेबल तेच, हे मात्र मान्य नाही.

ज्यांच्या घरी कॅरम आहे, त्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्याच्या सुटीत स्ट्रायकरला नुसते टिचकले की तो समोरच्या फळीवर आपटून परत येतो. तोच बोर्ड श्रावणात काढा. बोरिक पावडरचा डबा रिकामा केला तरी सोंगटी मध्येच बसकण मारते. पूलच्या टेबलावरचे कापड मुख्यतः लोकरीचे असते आणि लोकर हवेतला ओलावा शोषून घेते. कापड दमट झाले की बॉल जड चालतो. टेबलाच्या कडेला आतून रबर असते. ते थंडीने आखडले की बॉल परतवण्याचा त्याचा जोर बदलतो. स्नूकरच्या मोठ्या स्पर्धांत टेबल खालून ऊब देऊन कोरडे ठेवतात, ते काही खेळाडूंचे लाड म्हणून नव्हे. त्यातून बॉलवर खडूची धूळ आणि हाताचा घाम बसला, तर एक बॉल दुसऱ्याला लागताना किंचित चिकटल्यासारखा होतो आणि ठरल्या दिशेपासून केसभर सरकतो. भोकाच्या तोंडाशी जाईपर्यंत त्या केसभराचे बोटभर होते. भाद्रपदातली दमट रात्र आणि दिवाळीनंतरची कोरडी, गार रात्र यांत टेबल दोनदा बदललेले असते. आपण मात्र त्याला एकाच नावाने हाक मारतो.

याबाबतीत आमच्या मराठवाड्यातल्या बायका पूल खेळणाऱ्यांहून शहाण्या. एखाद्या दिवशी ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते, उचलताना तुटते. म्हणून काय ती बाई भाकरी थापायची रीत बदलते? ती म्हणते, पिठाची विरी गेली, दळण जुने झाले. मग ती आधण घालून पीठ मळते आणि कामाला लागते. वीस वर्षे भाकऱ्या थापलेला हात एका सकाळीत विसरला, असे तिच्या स्वप्नातही येत नाही. आमचे चिरंजीव मात्र एका रात्रीत हात विसरला असे धरून चालतात आणि पाय कुठे ठेवायचा इथपासून सगळे नव्याने मांडतात.

पण सगळा दोष हवेवर घालून मी मोकळा होणार नाही. याहून मोठे कारण आहे, आणि त्यात ना हवेचा दोष आहे ना हाताचा. हे गृहस्थ हिशेब लिहिणारे आहेत, तेव्हा हिशेबानेच सांगतो. समजा एक खेळाडू असा आहे की एका ठरावीक अंतरावरचे दर दहा बॉल मारले तर सरासरी सात भोकात घालतो. त्याचा हात कधी बिघडत नाही, सुधारत नाही. टेबल काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे, हवा बाराही महिने एक. तो रोज रात्री दहाच बॉल मारतो. रोज सात जातील काय? मुळीच नाही. संभवाच्या गणिताने पाहिले तर वीस रात्रींपैकी सुमारे तीन रात्री त्याचे पाच किंवा त्याहूनही कमी जातील आणि सुमारे तीन रात्री नऊ किंवा दहाच्या दहा जातील. म्हणजे महिन्यात चार-पाच रात्री लोक म्हणतील, ‘काय हात बसलाय!’ आणि चार-पाच रात्री म्हणतील, ‘याचं काहीतरी बिनसलंय.’ बसले काही नाही आणि बिनसलेही काही नाही. त्याने रोज शंभर बॉल मारले असते, तर बहुतेक रात्री आकडा एकसष्ट आणि एकोणऐंशीच्या आत राहिला असता आणि कोणाला काही म्हणायला जागा उरली नसती.

पूलच्या डावात तर हे आणखी वाढते. इथे एक बॉल घातल्यावर पांढरा बॉल जिथे थांबेल तिथूनच पुढचा मारायचा असतो. तो चार बोटे पुढे गेला की पुढचा नेम अवघड, तो चुकला की समोरच्याची पाळी. आणि समोरचा तयारीचा असेल तर आपण क्यूला खडू लावीत उभे. त्या रात्री हात कसा होता हे कळण्याइतका तो हात चाललेलाच नसतो.

आकडा एकटा बघितला की कसा फसवतो, हे बीड जिल्ह्याने अलीकडेच दोनदा पाहिले आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत धावतात. २०२२ च्या जुलैत अमेरिकेतल्या युजीन येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत ते अकरावे आले. वेळ ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. तीन आठवडेही झाले नाहीत तोच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद. वीस सेकंदांचा फरक! पाय बदलले काय? युजीनची शर्यतच मुळी संथ झाली होती. तिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या मोरोक्कोच्या धावपटूलाही ८ मिनिटे २५.१३ सेकंद लागले होते. सगळेच एकमेकांकडे पाहत धावले आणि शेवटी पळाले.

दुसरे बीडचेच सचिन धस. २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेटच्या विश्वचषकात पहिल्या चार सामन्यांत त्यांच्या धावा २६, २१, २० आणि १५. खाली सहाव्या क्रमांकाच्या आसपास यायचे, थोडे चेंडू मिळायचे. पुढे नेपाळविरुद्ध ११६. मग उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार गडी ३२ धावांत गेले असताना ९६ काढून सामना फिरवला. आणि पाचच दिवसांनी, अंतिम सामन्यात, ९. ज्या घरांत त्या रात्री ‘पोराला दृष्ट लागली’ असे म्हटले गेले असेल, त्यांना मी दोष देत नाही. पण ९६ चा हात आणि ९ चा हात एकाच मनगटाचा होता.

बिलियर्डमधले आपले सर्वांत मोठे नाव पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांचे. १९५८ मध्ये कलकत्त्याला त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड विजेतेपद मिळवले आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. पुन्हा ते विजेतेपद मिळाले १९६४ मध्ये, न्यूझीलंडमध्ये. मधल्या १९६० आणि १९६२ च्या स्पर्धा एका इंग्रज आणि एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने जिंकल्या. सहा वर्षे थांबावे लागले, तेही त्या तोडीच्या माणसाला. आणि आम्हाला परवा जिंकलेले काल पुन्हा हवे असते!

तेव्हा पत्रलेखक महाशय, क्यू बदलू नका. क्यूचे टोक तेवढे पाहा. त्याचे चामडे झिजून गुळगुळीत झाले असेल तर ते बदला, तो खर्च किरकोळ आहे. पाय आता जिथे ठेवता तिथेच दोन महिने ठेवा. एक वही करा. वही लिहिणे हा तुमचा धंदाच आहे. रोज डाव सुरू करण्यापूर्वी वीस बॉल एकाच जागी मांडून मारा आणि गेले किती तेवढा आकडा तारखेसमोर टाका. पुढे एक शब्द ‘दमट’, ‘कोरडे’, ‘नवे कापड’, ‘झोप कमी’ असा काहीतरी. दिवसभर आकडेमोड करून शिणलेले डोळे रात्री नेमाला बसतात की नाही, हेही त्यातच कळेल. दोन महिन्यांनी पहिल्या महिन्याची बेरीज आणि दुसऱ्या महिन्याची बेरीज शेजारी मांडा. दुसरी खरोखर खाली आली असेल तर जाणत्या माणसाला नेम दाखवा. टेबलाशी गेल्यावर पहिली पाच मिनिटे पांढरा बॉल नुसता लांबीभर मारून कडेवरून किती परत येतो तेवढे पाहावे. आजचे पीठ कसे आहे ते त्यावरून समजते.

आता ती बारीक अक्षरातली ओळ. चांगल्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही डाव पैशावर लावता आणि गेले की ते काढण्यासाठी पुन्हा लावता, असे तुम्ही लिहिले आहे. दहापैकी सात जाणाऱ्या त्या खेळाडूकडे पुन्हा पाहा. परवा त्याचे नऊ गेले म्हणून आज त्याचे किती जाणार? सरासरीने सातच. आणि काल पाच गेले म्हणून आज ते भरून निघणार काय? आजही सातच. परवाची रात्र आजच्या रात्रीला काही देणे लागत नाही. दुकानातले जमाखर्च तुम्ही यापेक्षा कठोरपणे लिहीत असाल. त्याच वहीत उजवीकडे एक रकाना आखा आणि डावावर गेलेले व आलेले रुपये तारखेवार उतरवा. पाडव्याला नवी वही घालताना ती बेरीजही करा, आणि तो आकडा घरी कोणाला दाखवता येण्यासारखा आहे की नाही, ते मला कळवा.