तारुण्यपिटिका आणि तिशी

'वय सरले की पुटकुळ्या जातील,' असे आपण वैद्यही रुग्णास सहज सांगून टाकतो. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या 13 व्या अध्यायात मुखदूषिका तरुणांच्या मुखावर वर्णिली, सावरीच्या काट्यांची उपमाही दिली; पण विशीनंतर ती आपोआप शमते, असे तेथे म्हटलेले नाही. कफ, वात व रक्त यांची दुष्टी वय पाहून थांबत नाही. रहाटणीतील माझ्या चिकित्सालयात तिशीच्या स्त्रिया हीच तक्रार घेऊन येतात. त्यांना मासिक पाळीविषयी आवर्जून विचारावे. चाकणच्या कारखान्यातील कामगाराच्या मांड्यांवर पुटकुळ्या दिसल्यास यंत्रतेलाने भिजलेले कपडे पाहावेत; तेथे विरेचनाआधी निदानपरिवर्जन! 'लग्नानंतर जातील' हे तर बोलूच नये. वाट पाहून थकलेली रुग्णा स्टिरॉइडचे मलम चोळू लागते आणि मग मूळ व्याधीआधी मलमाचेच दुष्परिणाम निस्तरावे लागतात.