पितरांच्या नावाने घराचा भाव पाडणाऱ्यांना आमचे उत्तर



भाद्रपदाची पौर्णिमा सरली की श्रीगोंद्यात घर विकायला काढलेल्या माणसाला एकच वाक्य ऐकावे लागते, "पक्ष चालू आहे, दसऱ्यानंतर बघू." एजंट हेच म्हणतो, गिऱ्हाईकही हेच म्हणते. पण घरात दवाखान्याचा खर्च आहे, पोराची फी भरायची आहे, सावकार दारात आहे हे कळले की तेच गिऱ्हाईक दुसरे वाक्य बोलते, "आत्ताच उरकायचे असेल तर लाखभर कमी करा."

आमचा साधा प्रश्न आहे. पंधरवड्यात व्यवहार अशुभ असेल, तर लाख रुपये कमी केल्यावर तो शुभ कसा होतो? लाखभरात पितरांची समजूत पटते काय?

या दिवसांत बाजार मंद असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो का मंद असतो ते बघा. आपला तालुका ऊस आणि लिंबाचा. कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि उसाचे पैसे त्यानंतर हातात येतात. खरिपाचा माल अजून रानात असतो. म्हणजे भाद्रपदात लोकांकडे रोख पैसाच कमी असतो. ही मंदी पिकाची आणि पैशाची आहे. तिला पितरांचे नाव दिले की ती दैवी होते, आणि दैवाशी कोणी घासाघीस करत नाही. पुरोहितशाहीची जुनी रीत हीच आहे. कारण जमिनीवरचे असते, शिक्का आकाशातला मारला जातो.

आता कायद्याकडे या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात कुठेही तिथी नाही. दुय्यम निबंधक कार्यालय पितृपक्षात बंद नसते. सरकारचा रेडी रेकनरचा दरही या पंधरवड्यात एक पैशाने उतरत नाही, मुद्रांक शुल्क पूर्ण भरावे लागते. सरकारसाठी घराची किंमत तीच राहते. कमी होते ती फक्त विकणाऱ्याच्या पदरातली.

आणि ज्या मुहूर्तासाठी थांबायला सांगतात, त्याची गंमत अजून मोठी आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा, दसरा आणि बलिप्रतिपदा या तिन्ही दिवशी सरकारी सुट्टी असते. ज्या दिवशी "शुभ" व्यवहार करायचा, त्या दिवशी तालुक्याचे नोंदणी कार्यालय सहसा कुलूपबंद! खरेदीखत शेवटी कुठल्यातरी मंगळवारी किंवा गुरुवारीच होते.

श्रद्धेचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही २०२० ची आठवण करून देतो. राज्य सरकारने त्या वर्षी १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत दिली. मुंबईत शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आले. तो सप्टेंबर कसा होता? १७ तारखेपर्यंत पितृपक्ष आणि १८ पासून अधिक मास. पंचांगाच्या हिशोबाने सगळा महिनाच टाकाऊ. तरीही मुंबईतल्या घरांच्या नोंदी ऑगस्टच्या दुपटीच्या आसपास गेल्या. लॉकडाऊन सैल होत होता, हेही एक कारण होतेच. पण पितर आडवे आले नाहीत, हे तर सिद्ध झाले ना? तीन टक्के वाचणार म्हटल्यावर पंचांग कपाटात गेले. म्हणजे श्रद्धा सवडीची आहे. स्वतःचा फायदा असला की ती गप्प बसते, गरजूचे घर समोर आले की जागी होते.

हे झाले दुसऱ्यांचे. आता आपल्या घरात बघू, कारण आमचे खरे भांडण तिथे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही त्यांतलीच एक. आपण पित्रं घालणे सोडले. पण पित्रांचा पंधरवडा आपल्या व्यवहारातून गेला का? घर घ्यायचे असले की आपलाच शिकलेला, नोकरीवाला भाऊ हळूच म्हणतो, "एवढे दिवस जाऊ द्या, आईला बरे वाटत नाही." २०२३ साली १४ ऑक्टोबर आणि सर्वपित्री अमावस्या एकाच दिवशी आली होती. त्या दिवशी दीक्षाभूमीचा फोटो स्टेटसला ठेवायचा आणि विसार मात्र अमावस्या टळल्यावर द्यायचा, हे चालणार नाही. प्रतिज्ञा फक्त पिंडापुरती नव्हती. ज्या विचाराने पिंड पडतो, तो विचार सोडण्याची ती प्रतिज्ञा होती.

आपल्या लोकांचे नुकसान यात दुहेरी आहे. या गावाचे जुने नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या चांभार भक्तावरून ते पडले असे सांगतात. ज्या गावाला नाव एका चांभाराचे, त्याच गावात घर कोणत्या वस्तीत आहे हे बघून भाव पडतो. त्यावर पंधरवड्याची कपात वेगळी. तिसरी मार लाजेची. घर विकले तर समाज काय म्हणेल, म्हणून माणूस गुपचूप, घाईत, पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळा होतो. लाज कसली? खुद्द बाबासाहेबांनी कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तकांसाठी खारची 'चार मिनार' ही इमारत विकली. अडचणीत घर विकणे हा गुन्हा नाही. अडलेल्याचे घर पाडून मागणे ही बेइमानी आहे.

म्हणून घाबरण्याआधी हिशोब करा. समजा चार लाखांचे कर्ज शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले आहे. महिन्याचे व्याज झाले बारा हजार. पक्ष लागल्यापासून दसऱ्यापर्यंत साधारण पंचवीस दिवस. म्हणजे थांबण्याची किंमत बारा हजारांच्या आत, आणि गिऱ्हाईक मागते लाख! सावकाराच्या व्याजापेक्षा पंचांगाचे व्याज महाग आहे. जमत असेल तर थांबा, पण ते तिथीसाठी नाही, योग्य भावासाठी.

थांबणे शक्यच नसेल तर भाव आणि मुहूर्त वेगळे करा. गिऱ्हाइकाला सांगा, गृहप्रवेश तुमच्या सोयीने करा, आमची हरकत नाही. पण पूर्ण भावाचे साठेखत आज लिहा, नोंदवा, विसार बँकेतून द्या आणि खरेदीखताची तारीख त्यातच घाला. तोंडी "दसऱ्याला बघू" वर घर अडवून ठेवू नका. नगरपालिकेचा उतारा, सिटी सर्व्हेची नोंद, वारसांच्या सह्या आधीच तयार ठेवा. कागद अपुरे असले की भाव पाडायला आणखी एक निमित्त मिळते.

आणि कर्जाच्या बदल्यात सावकाराला खरेदीखत करून देऊ नका. "पैसे फेडले की परत नावावर करतो" या शब्दावर अनेकांची घरे गेली आहेत. असे झाले असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीतून झाल्याचे चौकशीत ठरले तर मालमत्ता परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे.

शेवटचा मुद्दा आपल्यातल्या कमावत्या तरुणांसाठी. "आपण पितर मानत नाही, मग पक्षात स्वस्तात घर उचलू," असा हिशोब काहीजण करतात. पंधरवड्यात जरूर घ्या, अगदी सर्वपित्रीच्या दिवशी घ्या. पण पूर्ण भावाने घ्या. दुसऱ्याच्या अंधश्रद्धेमुळे अडलेल्या माणसाला आपण लुटले, तर आपण पितर नाकारले आणि सावकार स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ. प्रज्ञा आहे आणि करुणा नाही, याला बुद्धाचा मार्ग म्हणत नाहीत.

येत्या पितृपक्षात आपल्या वस्तीत कोणाचे घर विकायला निघाले असेल तर दोघे-तिघे त्यांच्यासोबत बसा. कागद बघा, हिशोब मांडा, बोलणीला सोबत जा. एकटा माणूस लाख रुपये सोडतो. चौघे सोबत असले की गिऱ्हाईकही पंचांग मिटून बोलायला लागते.

जय भीम! जय संविधान!