कव्हरचा माणूस

"साहेब, मला रेडर व्हायचंय."

आमच्या युनिटच्या कबड्डी टीमचा उजवा कव्हर गेल्या आठवड्यात माझ्यासमोर सावधान उभा राहून हे म्हणाला. पोरगा सांगली जिल्ह्यातला, वय 22, पकड अशी की लागली म्हणजे सुटायची नाही. कारण विचारलं तर घुटमळला. मग म्हणाला, "घरी स्कोरशीटचा फोटो पाठवला होता. वडील म्हणाले, तुझ्या नावापुढं एकच पॉइंट? चाळीस मिनिटं काय करत होतास?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. म्हणून हा लेख.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर बघितली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बचावात सात जण असतात. दोन टोकांना दोन कोपरे. त्यांच्या आत कव्हर. चढाई करणारा 30 सेकंदांत काहीतरी घेऊन परत जायला बघतो. कोपरा खाली झेपावून त्याचा घोटा धरतो आणि टाळ्या त्यालाच पडतात. पण घोटा धरलेला माणूस एका झटक्यात मध्यरेषेला हात लावून मोकळा होऊ शकतो. तो झटका अंगावर घेणारा, छातीनं त्याला मागं रेटणारा असतो तो कव्हर. पॉइंट मात्र सहसा पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर जातो.

2018 मध्ये चौबटियाला अमेरिकन फौजेबरोबर 'युद्ध अभ्यास' झाला. तिथे एक धिप्पाड सार्जंट भेटला. शाळेत असताना तो त्यांच्या फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमन होता. लंगरमध्ये मीठदाणी आणि ग्लास मांडून त्यानं समजावलं: पाच जण ओळीनं उभे राहतात आणि मागच्या क्वार्टरबॅकला धक्का लागू देत नाहीत. बॉल पुढं फेकला तर तो झेलायची त्यांना परवानगी नसते. नाव कधी पुकारतात? चूक झाली तर. 'होल्डिंग', दहा यार्ड मागं. मी म्हणालो, अरे, हे तर आमचे कव्हर!

फरक एवढाच की तिकडे त्या ओळीची किंमत आता ठरली आहे. 18 नोव्हेंबर 1985 ला जो थाइजमन नावाच्या क्वार्टरबॅकचा पाय टीव्हीवर सगळ्यांदेखत मोडला. उजव्या हातानं बॉल टाकणाऱ्याची डावी बाजू आंधळी असते, आणि ती राखणारा लेफ्ट टॅकल म्हणजे भरतीचा माणूस नव्हे, हे त्यांना हळूहळू पटत गेलं. पुढे 1990 च्या दशकात खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाली आणि लेफ्ट टॅकलचे पगार चढले.

आता आपल्याकडचं बघा. दिल्लीतली माझी पहिली पोस्टिंग 2019 ची. त्या ऑगस्टमध्ये त्यागराज स्टेडियममध्ये दबंग दिल्लीची मॅच बघायला गेलो होतो. सगळं स्टेडियम 19 वर्षांच्या नवीन कुमारच्या नावानं ओरडत होतं. मी मात्र उजव्या कव्हरला बघत होतो. विशाल माने, आपला मुंबईचा. दोन्ही कोपरे हरियाणाचे, डावीकडे कप्तान जोगिंदर नरवाल, उजवीकडे रविंदर पहल. पहलनं हात घातला की चढाईपटू वळायच्या आत माने अंगावर. दिल्ली त्या वर्षी पहिल्यांदा फायनलला गेली, बंगालकडून 34-39 हरली. नवीनचे 18 गुण लोकांना आठवतात.

मानेची कारकीर्दच सगळं सांगते. 2015 ला यू मुंबा जिंकली, त्यात तो होता. 2017 ला पाटणा पायरेट्स जिंकली, त्यातही होता. त्या मोसमातले परदीप नरवालचे चढाईचे 369 गुण कबड्डीवाल्या पोरांना तोंडपाठ आहेत. त्या संघाच्या कव्हरला कोण होतं, हे आमच्या बॅरेकमध्ये विचारलं. एकाला सांगता आलं नाही, आणि बॅरेकमध्ये निम्मे महाराष्ट्राचे!

पैशाचंही तेच. 2018 च्या लिलावात सहा जण कोटीला पोचले. सगळ्यात महाग मोनू गोयत, 1 कोटी 51 लाख, आपल्या सेनादलाकडून खेळलेला चढाईपटू. सहांत निव्वळ बचावपटू एकच, फझल अत्राचली, तोही इराणचा. आता थोडं बदलतंय. 2023 ला पुण्यानं शादलूईवर 2 कोटी 35 लाख लावले. पण तोही इराणचा, आणि कोपऱ्यातला. कव्हर अजून रांगेतच आहे.

कोणी म्हणेल, लोक चढाई बघायला येतात. मान्य. मीही शिट्टी मारतो. (जानेवारी 2018 ला हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या महाराष्ट्रानं फायनलमध्ये सेनादलाला 34-29 हरवलं, तेव्हा कोणत्या बाजूनं ओरडलो ते विचारू नका. वर्दी अंगावर आहे.) पण स्कोरशीट शिट्टीवर चालू नये. पकडीत दुसरा हात कोणाचा होता, हे लिहायला एक रकाना पुरतो. जिल्हा स्पर्धेपासून तो छापायला हवा. गावातला निवडकर्ता तोच कागद बघतो, नोकरीच्या स्पोर्ट्स कोट्याच्या फाइलला तोच लागतो, आणि बापही तोच बघतो. रकाना नाही म्हणून चांगले कव्हर रेडर व्हायला निघतात आणि तिथे साधारण ठरतात. मी असे दोन पाहिले आहेत.

31 ऑक्टोबर 2025 ला त्याच त्यागराजमध्ये दिल्लीनं पुण्याला 31-28 हरवून चषक घेतला. दिल्लीचा कोच होता तोच जोगिंदर, 2022 च्या विजेतेपदाचा कप्तान. म्हणजे बचावातला माणूस खेळ पुरता वाचतो, असं मी पोराला सांगितलं. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. "कोच व्हायला अजून लई वेळ आहे, साहेब."

मग मी दुसरं केलं. मागच्या इंटर-कंपनी मॅचचा व्हिडिओ दोघांनी बसून बघितला, थांबवत थांबवत. मी वहीत रेघा मारत गेलो. त्याच्या नावावर पॉइंट 1, दुसरा हात 7 वेळा. त्या पानाचा फोटो त्यानं घरी पाठवला. वडिलांचा रात्री फोन आला, तर म्हणाले, "हे सात कोणी लिहिलं? सही कोणाची आहे?"

सही मी दुसऱ्या दिवशी केली, नाव आणि हुद्दा घालून.