टाक्यांचे इंच

आईचे खांदे हल्ली आखडले आहेत. डोक्यावरून घालायचा स्वेटर तिला जमत नाही. मला विणता येत नाही, गोधडी मात्र शिवता येते. तेव्हा तिच्याच विणकामाच्या वहीवरून पुढे उघडणारे, कापूस भरलेले जाकीट शिवायचे ठरवले.

वहीत होते : पाठ, १०८ टाके. इंचाचे नाव नाही! (जुन्या पोथ्यांचे अर्थ मी वर्गात बेधडक लावते, इथे अडले.) जुना स्वेटर मोजला. इंचाला ६ टाके, म्हणजे पाठ १८ इंच. तेवढेच बेतले, कापूस घालून धावदोरे घातले, आणि जाकीट आईच्या छातीवर मिटेना.

"अगं, लोकर अंगाचं ऐकते, गोधडी कशाला ऐकेल?" आई म्हणाली.

खरेच. वीण ताणते, शिवलेले थर ताणत नाहीत, उलट धावदोऱ्यागणिक कापड आवळते. दुसऱ्या खेपेस आधी थर शिवले, मग बेतले. छातीला एकंदर ५ इंच जादा, मुंडा इंचभर खोल, 'दोन सुलट, दोन उलट'च्या काठाऐवजी तिरकी पट्टी. बटणे मोठी, तिच्या बोटांना झेपतील अशी.

वहीत त्याच पानाखाली मी इंच लिहू लागले.

"टाके खोडू नकोस हं," आई म्हणाली.